हर्ष आणि हरीख

वाचकहो, आपण रोज शेकडो शब्द बोलतो. पण बोलताना शब्दाच्या अर्थाकडे आपले लक्ष असतेच असे नाही. आपल्या चिंचपोकळीचेच बघा ना. भायखळा गेले की चिंचपोकळी येते. चिंचपोकळी गेली की करी रोड. गाडीत हे नाव आपण रोज ऐकतो. पण त्यात 'चिंच' आणि 'पोकळी' असे दोन शब्द आहेत, हे किती जणांच्या ध्यानात येते? चिंचेच्या झाडांची खोलगट जागा, असा या नावाचा अर्थ सांगतात. आज तिथे चिंचा शोधायला गेलात तर इमारती, पूल आणि माणसांची गर्दी दिसेल. झाडे गेली. त्यांची खूण मात्र नावात राहिली.

सगळ्याच शब्दांचे थोडेफार असे असते. जुनी गोष्ट डोळ्यांसमोरून जाते, पण शब्दाच्या पोटात शिल्लक राहते. ती कशी शोधायची, हे एकदा कळले की वाचण्याची गोडी वाढते. म्हणून आज आम्ही एकच शब्द घेतला आहे. तो शब्द आहे 'हर्ष'. हर्ष म्हणजे मोठा आनंद. त्याच्याबरोबर आपल्या घरातला, रोजच्या बोलण्यातला 'हरीख' हा शब्दही आपण पाहू.

आनंदाची चाळ

मराठीत आनंदाला शब्द किती! आनंद, हर्ष, उल्हास, मौज, मजा, खुशी. हे सारे शब्द एका गावचे नाहीत. आपल्या गिरणगावातल्या चाळीसारखेच आहे हे. एका खोलीत कोकणातले बिऱ्हाड, शेजारी साताऱ्याचे, त्यापलीकडे आणखी कुठले. गावे निराळी, पण सगळ्यांचा जिना एक.

'मौज' हा शब्द अरबी भाषेतून आला. तिथे मौज म्हणजे लाट. समुद्राची लाट उसळते तसे मन उसळले की ती मौज. 'मजा' फारसी भाषेतून आला. फारसीत त्याचा अर्थ चव. म्हणजे जे गोड लागते, रुचते, ती मजा. 'खूश' हाही फारसीतलाच. हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी आले आणि आता पक्के मराठी होऊन बसले आहेत. त्यांना परके म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

'आनंद' हा शब्द संस्कृतातला. त्यात 'नंद' आहे. नंद म्हणजे सुखावणे, संतोष पावणे. याच नंदापासून आपल्या मराठीत 'नांदणे' हा शब्द आला. मुलगी सासरी नांदते, असे आपण म्हणतो. घरात सुख नांदते, असेही म्हणतो. नांदणे म्हणजे नुसते राहणे नव्हे. संतोषाने राहणे म्हणजे नांदणे. सासरी मुलीच्या पोटाला अन्न मिळते, अंगाला कपडा मिळतो, पण मनाला सुख नाही, तर ती तिथे राहते खरी, नांदत मात्र नाही. एवढा मोठा विचार या लहानशा शब्दाने सांभाळून ठेवला आहे.

आता 'हर्ष' कुठून आला ते पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या स्वतःच्या हाताकडे पाहिले तरी पुरे.

अंगावरचा काटा

चिंचपोकळी पूर्वेला सार्वजनिक गणपती बसतो. त्याला लोक चिंचपोकळीचा चिंतामणी म्हणतात. तो बसवणारे मंडळ १९२० साली स्थापन झाले. गणेशचतुर्थीच्या आधी काही दिवस मूर्ती कारखान्यातून वाजतगाजत मंडपाकडे येते. याला आगमन म्हणतात. ते पाहायला मुंबईच्या सगळ्या भागांतून माणसे येतात. पुलावर, रस्त्यावर, गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

अशा वेळी ढोलावर टिपरू पडते, ताशा कडाडतो, आणि गर्दीच्या डोक्यांवरून मूर्तीचा मुकुट दिसू लागतो. त्या क्षणी शेजारचा माणूस आपला हात पुढे करून म्हणतो, "हे बघ, काटा आला!" खरेच, त्याच्या हातावरची लव ताठ उभी राहिलेली असते. केसाच्या मुळाशी बारीक बारीक पुळ्यांसारखे उंचवटे आलेले असतात. ज्याची देवावर फारशी श्रद्धा नाही, त्याच्याही अंगावर असा काटा येतो. गाणे ऐकताना येतो. पोराने बक्षीस घेतले आणि सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या, तेव्हा आईच्या अंगावर येतो.

हा काटा येतो कसा? आपल्या कातडीत प्रत्येक केसाच्या मुळाशी एक अगदी छोटा स्नायू असतो. तो आखडला की आडवा पडलेला केस उभा राहतो. हा स्नायू आपल्या हुकमात नाही. हात वर करायचा म्हटले तर आपण वर करू शकतो. पण अंगावर काटा आणायचा म्हटले तर बहुतेकांना तो आणता येत नाही. थंडी वाजली, भीती वाटली किंवा मन एकदम भरून आले, की मज्जातंतू त्या स्नायूला हुकूम देतात आणि तो आपोआप आखडतो.

जनावरांना याचा मोठा उपयोग होतो. कुत्रा अंगावर आला की मांजर केस फुलवते. त्यामुळे ते आहे त्यापेक्षा मोठे दिसते आणि कुत्रा बिचकतो. थंडीत पाखरू पिसे फुलवून बसते. पिसांमध्ये हवा अडकते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. माणसाच्या अंगावरचे केस आता फार बारीक झाले आहेत. त्यांनी कोणी बिचकत नाही आणि ऊबही राहत नाही. पण ते छोटे स्नायू अजून आपले काम करतात.

शब्दाचे मूळ

आता संस्कृताकडे वळू. संस्कृतात शब्दांची मुळे असतात. त्यांना धातू म्हणतात. हा धातू म्हणजे लोखंड-तांबे नव्हे. ज्या मुळातून अनेक शब्द फुटतात, ते मूळ म्हणजे धातू. 'हर्ष' या शब्दाचा धातू आहे 'हृष्'. त्याचा जुना अर्थ आहे ताठ उभे राहणे, केस उभे राहणे, अंगावर काटा येणे. त्यातूनच पुढे 'आनंदित होणे' हा अर्थ आला.

म्हणजे पाहा, आपल्या पूर्वजांनी मोठ्या आनंदाला नाव देताना आधी शरीराकडे पाहिले. मनात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पण अंगावरचा काटा दिसतो. त्यांनी दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीला नाव दिले. अंगावर काटा आणणारा आनंद तो हर्ष.

हा जुना अर्थ आजही काही शब्दांत स्पष्ट दिसतो. 'रोम' म्हणजे अंगावरचा केस, लव. 'रोमहर्ष' म्हणजे लव उभी राहणे. क्रिकेटचा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला की वर्तमानपत्रात छापून येते, 'रोमहर्षक सामना'. त्याचा अर्थ हाच, की पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. 'रोमांच' या शब्दातही तेच रोम आहे. पुराणे सांगणाऱ्या एका सूताचे नाव रोमहर्षण होते. त्याची कथा ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर काटा येई, म्हणून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. कथा सांगणाऱ्याला याहून मोठी पदवी कोणती?

नाटक कसे करावे हे सांगणारा भरतमुनींचा 'नाट्यशास्त्र' हा फार जुना ग्रंथ आहे. त्यात मनातला भाव अंगावर दिसण्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. घाम येणे, अंग कापणे, आवाज फुटेनासा होणे, डोळ्यांत पाणी येणे हे त्यांतले काही. रोमांच हाही त्यांतलाच एक. वारकरी कीर्तनात 'अष्टभाव' हा शब्द येतो. तो याच आठांविषयी आहे.

'हृषीकेश' हे श्रीकृष्णाचे नाव. मुलाला हे नाव ठेवणारी घरे आपल्याकडे पुष्कळ. याची फोड दोन प्रकारे करतात. हृषीक म्हणजे इंद्रिये. त्यांचा ईश, म्हणजे मालक, तो हृषीकेश. ही नेहमीची फोड. दुसरी फोड 'हृषी' आणि 'केश' अशी आहे. तिच्याप्रमाणे ज्याचे केस उभे राहिले आहेत, तो हृषीकेश.

भीती आणि आनंद

इथे तुम्ही विचाराल, काटा तर भीतीनेही येतो. मग हर्ष म्हणजे आनंदच कसा?

प्रश्न अगदी बरोबर आहे. जुन्या भाषेत हा शब्द दोन्हीकडे चालत असे. भगवद्गीतेत याचे चांगले उदाहरण सापडते. पहिल्या अध्यायात अर्जुन समोर आपलेच आप्त पाहतो आणि हादरतो. आपले अंग कापते आहे, असे तो सांगतो. त्याचबरोबर आपल्याला रोमहर्ष झाला आहे, असेही सांगतो. तिथे हा काटा भयाचा आणि दुःखाचा आहे. पुढे अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय सांगतो, की हा संवाद रोमहर्षण आहे आणि तो आठवून आपण पुन्हा पुन्हा हर्षित होतो. तिथे काटा आनंदाचा आहे. धातू एकच. आरंभी भीती, शेवटी हर्ष.

दूरच्या देशात याच मुळाचे दुसरेच रूप झाले. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने एका भाषणात सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या भाषेच्या लेकी असाव्यात. पुढे विद्वानांनी शब्दामागून शब्द ताडून पाहिले आणि ही गोष्ट पक्की केली. आपला जो धातू 'हृष्', त्याचे भावंड लॅटिन भाषेत 'होरेरे' असे आहे. त्याचाही अर्थ केस ताठ उभे राहणे, शहारणे असाच. पण लॅटिन बोलणाऱ्यांनी भीतीच्या काट्याकडे जास्त पाहिले. त्यातून इंग्रजीत 'हॉरर' हा शब्द आला. भुताखेतांच्या सिनेमाला आपण हॉरर सिनेमा म्हणतो, तोच हा शब्द. आहे की नाही नवल? आपला हर्ष आणि इंग्रजीतला हॉरर हे एकाच आजीचे नातू निघाले. एक हसतो आहे, एक किंचाळतो आहे, पण दोघांच्याही अंगावर काटा आहे.

हे नुसते पुस्तकातले नाही. आपल्या गिरणगावाने हे दोन्ही काटे अनुभवले आहेत. मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य व्हावे म्हणून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६मध्ये मुंबईत पुन्हा गोळीबार झाले. त्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यांत गिरण्यांत राबणारे कामगार होते. शेवटी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तो दिवस हर्षाचा होता. पण ज्या घरातले माणूस गेले, त्या घरात त्या दिवशी अंगावर आलेला काटा कशाचा म्हणावा? सुखाचा की दुःखाचा? दोन्हींचाच. फ्लोरा फाउंटनचा तो चौक आज हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो. तिथे उभे राहिले की 'हर्ष' या शब्दाचा जुना अर्थ ध्यानात येतो. मोठा आनंद हा नेहमी हलकाफुलका नसतो. कधी कधी तो फार जड मोल देऊन येतो.

उभे राहणे आणि बसणे

हर्षाच्या उलट शब्द कोणता? आपण 'हर्ष आणि खेद' म्हणतो. जुन्या ग्रंथांत 'हर्ष आणि विषाद' अशी जोडी येते. विषाद म्हणजे खिन्नता, मन खचणे. आता याचे मूळ बघा. विषाद या शब्दात 'सद्' हा धातू आहे. सद् म्हणजे बसणे, खाली जाणे. मन खाली बसले की विषाद. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग असे आहे, आणि त्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन खरोखरच धनुष्य टाकून रथात खाली बसतो.

आपण बोलतानाही असेच बोलतो. वाईट बातमी आली की "तो मटकन खालीच बसला" म्हणतो. "त्याचं मन खचलं" म्हणतो. चांगली बातमी आली की "त्याने उडीच मारली" म्हणतो. दुःखात माणूस खाली जातो आणि सुखात वर येतो. हर्ष म्हणजे उभे राहणे, विषाद म्हणजे बसणे. संस्कृत न शिकलेल्या माणसाच्या बोलण्यातही हे शहाणपण आहे.

पण बसणे सगळे वाईटच, असेही नाही. याच सद् धातूपासून 'प्रसन्न' हा शब्द झाला. पावसाळ्यात हंडा भरला की पाणी गढूळ असते. ते थोडा वेळ तसेच ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. अशा नितळ पाण्यालाही संस्कृतात प्रसन्न म्हणतात. मनातला गाळ खाली बसला, मन नितळ झाले, की माणूस प्रसन्न. हर्ष थोडा वेळ टिकतो, अंगावर येतो आणि ओसरतो. प्रसन्नपणा शांत असतो आणि जास्त टिकतो. दोन्ही सुखेच, पण दोन जातींची. म्हणूनच भाषेने दोन शब्द ठेवले आहेत.

हर्ष गेला तेव्हा

'हर्ष' या शब्दावर एका कवीने केलेली गंमत दगडावर कोरलेली आहे. उत्तरेत हर्षवर्धन नावाचा मोठा राजा होऊन गेला. त्याने ६०६ ते ६४७ या काळात राज्य केले. तो दक्षिणेकडे चालून आला, तेव्हा बदामीच्या चालुक्य घराण्यातल्या दुसऱ्या पुलकेशीने त्याला अडवले. महाराष्ट्रावर तेव्हा पुलकेशीचाच अंमल होता. कर्नाटकात ऐहोळे या गावी एका जैन देवळावर ६३४ सालचा शिलालेख आहे. रविकीर्ती नावाच्या कवीने तो संस्कृतात रचला. त्यात तो म्हणतो, की लढाईत हत्ती पडलेले पाहून भीतीने हर्षाचा हर्ष गळून गेला. एक हर्ष म्हणजे राजा, दुसरा हर्ष म्हणजे आनंद. जवळपास चौदाशे वर्षे झाली, पण ही कोटी अजून वाचता येते. अक्षरे दगडावर कोरली म्हणून ती टिकली. लिहिण्याचे मोल यावरून कळावे.

हर्षवायू

आनंदही बेताबाहेर गेला की बाधतो, हे आपल्या लोकांनी ओळखले होते. त्यासाठी मराठीत खास शब्द आहे, 'हर्षवायू'. आनंदाच्या भरात माणसाला भान राहत नाही, तो वेड्यासारखा वागू लागतो, तेव्हा त्याला हर्षवायू झाला असे म्हणतात. आयुर्वेदात वायू, म्हणजे वात, हा शरीराची सगळी हालचाल चालवतो असे मानतात. तो बिघडला की माणूस ताळ्यावर राहत नाही. त्या कल्पनेवरून हा शब्द आला. आज आपण तो थट्टेने वापरतो. "लॉटरी लागली काय? एवढा हर्षवायू कशाचा झालाय?" असे सहज म्हणतो. पण शब्दाच्या पोटात एक इशारा आहे. मिरवणुकीत बेभान होऊन कोणाला चेंगरण्याइतका हर्ष बरा नव्हे.

हरीख अशुद्ध आहे काय?

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

समजा, चिंचपोकळीच्या चाळीतल्या एक आजी साक्षरतेच्या वर्गाला येऊ लागल्या. चार महिन्यांत त्यांना पत्र लिहिता येऊ लागले. त्यांच्या लेकीला मुलगी झाली. आजींनी गावाकडे भावाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. "नात झाली. आम्हाला लई हरीख झाला." शाळेत जाणारा नातू शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आजी, हरीख नाही गं, हर्ष लिही. हरीख अशुद्ध आहे." आजींनी मुकाट्याने शब्द खोडला.

हा शब्द खोडण्याचे काही कारण होते काय? आपण नीट पाहू.

हर्षाचा हरीख कसा झाला? दोन पायऱ्यांनी झाला. पहिली पायरी अशी. 'र्ष' हे जोडाक्षर म्हणायला जड. म्हणून लोकांनी ते सोडवले आणि मध्ये एक स्वर घातला. 'वर्ष'चे 'वरीस' झाले, 'धर्म'चा 'धरम' झाला, तसेच हे. दुसरी पायरी, 'ष'चा 'ख' झाला. हेही एकट्या हरखाचे नाही. 'औषध'चे 'औखद' किंवा 'वखद' झाले. "वखद घेतलंस का?" असे खेड्यात अजून ऐकू येते. 'विष'चे 'विख' झाले. त्या विखावरूनच 'विखारी' हा शब्द आला. 'विखारी टीका' असे आज चांगल्या चांगल्या वर्तमानपत्रांत छापतात आणि त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. मग विखाराला मान आणि हरखाला नाही, हा कुठला न्याय?

म्हणजे हरीख हा चुकून तोंडातून निसटलेला शब्द नव्हे. तो नियमाने बदललेला शब्द आहे. शिवाय तो कालपरवाचाही नाही. संतांच्या जुन्या मराठीत 'हरिख' येतो. मोल्सवर्थ यांनी केलेला मराठी शब्दांचा मोठा कोश आहे. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. ही सोसायटी भायखळ्याची, म्हणजे चिंचपोकळीच्या अलीकडच्या स्टेशनाची. त्या कोशात 'हरीख' आहे. म्हणजे आजींच्या शब्दाला कोशात जागा मिळून दीडशेहून अधिक वर्षे झाली.

हरखाचा आणखी एक गुण आहे. त्याला मराठी मातीत फांद्या फुटल्या. 'हरखणे' हे क्रियापद झाले. "बाळ आईला पाहून हरखलं" असे आपण म्हणतो. "बातमी ऐकून ती हरखून गेली" असे म्हणतो. पोर नवा सदरा पाहून 'हरखून टुम्म' होते. 'हर्ष' हा शब्द आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. तो आपल्याकडे पाहुण्यासारखा जपून वागतो. लग्नाच्या पत्रिकेत, सभेच्या भाषणात तो शोभतो. हरीख घरातला. तो चुलीपाशी बसतो, पाळण्यापाशी बसतो.

मग कोणता शब्द वापरायचा? दोन्ही वापरायचे. अर्ज लिहिताना, सभेचे निमंत्रण लिहिताना हर्ष लिहा. भावाला पत्र लिहिताना हरीख लिहा. ज्याला दोन्ही शब्द येतात तो श्रीमंत. शिकायचे म्हणजे नवे शब्द मिळवायचे. हातचे जुने शब्द टाकून द्यायचे नव्हेत. पुष्कळ माणसांना वाटते, आपण बोलतो ती भाषा गावंढळ, आणि पुस्तकात असते ती खरी. त्यामुळे ती लिहायला बसली की बुजतात. मनात आलेला शब्द कागदावर येतच नाही. आजींनी 'हरीख' खोडून 'हर्ष' लिहिले, तेव्हा पत्रात चूक राहिली नाही, हे खरे. पण गावाकडच्या भावाला त्या पत्रात बहिणीचा आवाज मात्र कमी ऐकू आला असता.

चिंतामणी या नावाचेच पाहा. संस्कृतात 'चिंता' म्हणजे विचार. मनात चिंतावे ते देणारा मणी तो चिंतामणी. मराठीत चिंता म्हणजे काळजी झाली. अर्थ बदलला म्हणून आपण मराठी चिंतेला चूक ठरवले काय? नाही. शब्द चालतात, बदलतात, झिजतात आणि नवे रूप घेतात. गुळगुळीत झालेला नदीतला गोटा हा मोडका दगड नसतो. त्याने फार मोठा प्रवास केलेला असतो, एवढेच.

तर वाचकहो, आज एक काम करा. वहीत एक पान राखून ठेवा. तुमच्या गावाकडे, तुमच्या घरात मोठ्या आनंदाला कोणकोणते शब्द वापरतात, ते त्यावर लिहा. आईला विचारा, आजोबांना विचारा, शेजारणीला विचारा. कोकणातले, घाटावरचे, खानदेशातले, विदर्भातले, सगळे शब्द चालतील. पुस्तकात सापडला नाही म्हणून एकही शब्द खोडू नका. आणि लिहिता लिहिता कोणाच्या आठवणीने अंगावर काटा आला, तर हातावरची उभी राहिलेली लव नीट पाहून घ्या. त्यालाच आपल्या पूर्वजांनी हर्ष म्हटले, आणि आपण हरीख म्हणतो.